गोमलीचं नाव

देवसिंगचा पवळ्या बैल चैत्राच्या शेवटच्या सोमवारी सकाळी मेला. बुळकांडीनं त्याला आठ दिवस नुसतं सोलून काढलं होतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि मागून असं वाहत होतं की गोठ्यात पाय ठेववत नव्हता. देवसिंगची आई मानीबाई आठही दिवस त्याच्याजवळ होती. राख टाकायची, ओली राख ओढून काढायची, ज्वारीची पातळ आंबील वेळूच्या नळीनं त्याच्या घशात ओतायची. तोंडात फोड आलेलं जनावर ते, मान झटकायचं, आणि अर्धी आंबील तिच्या कांचळीवर यायची. साठीला आलेली बाई, गुडघे धरलेले. उठताना दावणीच्या खुंट्याला धरून उठायची. पण बैल काही उठला नाही.

"गेला," देवसिंग म्हणाला आणि तिथंच राखेत बसला.

मानीबाईनं पवळ्याच्या डोळ्यांवरच्या माश्या पदरानं हाकलल्या. मेलेल्या बैलाच्या माश्या हाकलून काय होणार? पण हाताला सवय लागली होती.

"आता कोकिळा कायच्या पाठीवर उभी राहीन?" ती म्हणाली.

नातीचं लग्न वैशाखात, पंधरा दिवसांवर. नवरा मुलगा बाभुळगावकडच्या तांड्यातला. तांड्यातली नवरी सासरी निघते ती सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून. दोन्ही हात वर करते आणि आपल्या तांड्याचा निरोप गाऊन घेते. बैल नाही तर नवरी कशी निघणार? पवळ्याला त्यासाठीच दोन वर्षं जपलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं.

तांडा बोरी अरबच्या खाली, अडाण नदीच्या काठाला. चाळीस घरं. फाल्गुनापासून बावीस जनावरं गेली होती. ओढून ओढून माणसांचे खांदे सोलले होते. आणि एवढ्यात एकच बैल असा होता की त्याला शिंकसुद्धा आली नाही. तो भुरीबाईचा.

भुरीबाई एकटी विधवा, तांड्याच्या टोकाला राहणारी. तिचा बैल का वाचला हे खरं म्हणजे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माघात दारव्ह्याहून ढोरांचा डॉक्टर आला होता, आणि सुई टोचायला त्याच्या हाताखाली गोविंदा होता, बोरीचा. गोविंदाच्या घरानं दीड वर्षापूर्वी बुद्धाची दीक्षा घेतली होती. तांड्यातल्या माणसांनी डॉक्टरला चहा पाजला आणि गोविंदाला दावणीजवळ येऊ दिलं नाही. "तुम्ही टोचा सायेब, त्याचा हात आमच्या बैलाले नको." डॉक्टर चिडला. "मी काय शंभर गावं एकटा टोचू?" म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा भुरीबाई आपला बैल घेऊन त्यांच्या मागं पांदीपर्यंत गेली होती. गोविंदानं तिथं, बाभळीखाली, तिच्या बैलाला सुई दिली. तांडा हसला होता. आता कोणी हसत नव्हतं.

पवळ्याला ओढून नदीकडं नेलं. दुपारी देवसिंग आला, हातपाय धुतले आणि भाकरीपुढं बसला. खाईना.

"भुरीच्या बैलाले काहून काही झालं नाई?"

"त्याले सुई टोचली होती," मानीबाई म्हणाली.

"सुईनं का होते याडी? शिमग्याले तिनं पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. म्हणे, लय देखणा हाय. मी पाह्यलं माह्या डोयानं." तो ताटाकडं बघत होता. "नायकाले सांगून आलो मी. खेमसिंग नायक म्हणे, लगीन होऊन जाऊ द्या. मंग भगत आणू. भगतानं नाव काहाडलं की तिले तांड्यातून हाकलू. तवरोक तिनं विहिरीवर याचं नाई, लग्नात याचं नाई."

"कायले?"

"डाकण हाय ते."

मानीबाईच्या हातात भाकरीचा गोळा होता. तो थापायचा राहिला. चुलीवर तवा तापून धूर सोडायला लागला तेव्हा सूनबाई नंदाबाईनं तो उतरवला.

हा शब्द तिच्या घरात पन्नास वर्षांत कोणी काढला नव्हता. आणि काढणार तरी कोण? माहीत होतं फक्त तिलाच.

ती नऊ वर्षांची होती. तेव्हा अजून कुठं कुठं लदेणी चालायची, बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून तांडे घाट चढायचे. त्या साली अशीच बुळकांडी आली होती. रोज दोन, रोज तीन बैल. भगतानं नाव काढलं, गोमली. मानीची आई. सकाळी नायकानं गोमलीला सांगितलं, जा, नदीवरून पाणी आण, तांडा आज मुक्कामाला आहे. ती घागर घेऊन उतरली आणि इकडं गोणी चढल्या. बापानं मानीला एका बैलावर बसवलं. तांडा अर्धा कोस गेला असेल, तेव्हा मानीनं मागं पाहिलं. आई काठावर चढून आली होती. डोक्यावर भरलेली घागर. ती पळत होती, आणि पळतानाही एका हातानं घागर धरून होती, पाणी सांडू नये म्हणून. तांड्यासाठीच भरलेलं पाणी ना ते.

"मांगं पाहू नको," बाप म्हणाला. त्यानं तिची मान धरून पुढं वळवली. मग तिनं पाहिलं नाही.

पुढं बाप दुसऱ्या तांड्यात गेला, दुसरी बायको केली, आणि विचारील त्याला सांगितलं, पहिली हगवणीनं मेली. मानीला घरात कोंडून बजावलं, की डाकणीची विद्या आईकडून लेकीत उतरते असं लोक मानतात. नाव घेतलंस तर तुलाही कोणी घरात घेणार नाही. तिनं घेतलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकाला सांगितलं नाही. आईचं काय झालं, कुठं गेली, कशी मेली, काही कळलं नाही. एवढ्या वर्षांत मानीबाई नुसती थकली.

आणि गंमत बघा, हीच मानीबाई तांड्यातल्या पोरींना ढावलो शिकवायची. ढावलो म्हणजे नवरीचं रडणं. एकेकीच्या गळ्यात पडून, सुरात, ओळीला ओळ जोडून रडायचं. त्यात याडीचं, म्हणजे आईचं नाव, आजीचं, आजीच्या आईचं, ज्यांच्या पोटातून आपण आलो त्या सगळ्यांचं. ज्या नवरीला तो येत नाही तिला सासरच्या बाया जन्मभर टोमणे मारतात. मानीबाईनं तीस-चाळीस पोरी शिकवून लावल्या असतील. दुसऱ्यांच्या मेलेल्या आज्यांची नावं तिला पाठ होती.

कोकिळाला ती रोज पहाटे जात्यावर घेऊन बसायची. दोघी खुंटा धरायच्या.

"आवाज छातीतून काढ. गळ्यातून काढशीन तर दोघीले भेटेस्तोवर बसून जाईन."

"दादी, रडूच येऊन नाई राह्यलं तर?"

"येते. बैलावर चढलीस का आपोआप येते." मानीबाईनं ओंजळभर ज्वारी जात्यात टाकली. "नावं घे."

कोकिळानं घेतली. सात नावं. नंदाबाईकडची तीन, बापाकडची चार. मग थांबली आणि आजीकडं बघितलं.

"आनखी एक हाय ना?"

"नाई. एवढीच."

"पण तू तर..."

"एवढीच म्हटलं ना! दळ."

कोकिळानं खुंटा ओढला. तिला वाटलं, दादी म्हातारी झाली, विसरते. लहानपणापासून ती आजीच्या कुशीत झोपली होती, आणि पहाटे जातं फिरायला लागलं की त्या घरघरीखाली आजी काय पुटपुटते ते अर्धवट झोपेत तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. मानीबाईला वाटायचं, जात्याच्या आवाजात कोणाला ऐकू येतं? ती एवढी एकच चूक करत आली होती, आणि रोज करत आली होती.

लग्नाच्या चार दिवस आधी मानीबाई नदीवर पोतेरी धुवायला गेली, तर भुरीबाई वाळूत झिरा उकरत बसलेली. तांड्याची विहीर तिला बंद झाली होती. करवंटीनं ती घोट घोट पाणी घागरीत घालत होती. हाताची बोटं वाळूनं सोलून लाल झालेली.

मानीबाई वाट बदलून जाणार होती. पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, ती तिथंच टेकली.

"मानीबाई," भुरी म्हणाली, "तुह्या कोकिळाले न्हाऊ मीच घालत होती ना व, लहान होती तवा?"

"हो व बाई."

"मंग तू तरी बोल. त्यायले सांग का बैल सुईनं वाचला. तुहं आयकतात लोक."

"पोरीचं लगीन हाय भुरी. होऊन जाऊ दे."

"तुह्या पोरीचं होऊन जाईन. मंग माहं का होईन?" भुरीनं करवंटी खाली ठेवली. "भगत येईन. माहंच नाव काहाडीन. मी कुठी जाऊ? मले ना माहेर ना कोणी."

मानीबाईनं पोतेरं पाण्यात बुडवलं. काय बोलणार? मी बोलले तर विचारतील, तुला एवढा पुळका कशाचा. एकानं शोधलं, दुसऱ्यानं शोधलं, की गोमली निघेल. आणि गोमली निघाली की कोकिळाचं लग्न मोडेल, आणि ती पोरगी आजन्म डाकणीची पणती म्हणून या घरात बसेल. तिनं पोतेरं पिळलं. भुरीच्या घागरीला हात लावून ती डोक्यावर चढवून दिली तेवढी. स्वतःचीच तिला एवढी लाज वाटली की परत येताना तिनं दोनदा ठेच खाल्ली.

वऱ्हाड आलं. नवऱ्याचा आजा धावजी पुढं, पांढरं मुंडासं, मोठा रुबाबदार म्हातारा. पवळ्याच्या जागी नायकानं बाजारातून नवा आणलेला बैल ठरला होता, त्याच्या अंगावर कवड्यांची झूल घालायची म्हणून बाया बसल्या होत्या. तर लग्नाच्या सकाळीच त्या बैलाच्या तोंडातून लाळ सुटली. खेमसिंग नायक बैलाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"बैलाचं मंग पाहू," देवसिंग म्हणाला. "पहिले लगीन लागू द्या."

लग्न लागलं. मग मांडवात बाया गोल बसल्या आणि कोकिळा उठली. पहिल्यांदा आईच्या गळ्यात पडली. आवाज असा निघाला की भाकरी थापणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. सासरच्या बायांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या, पोरगी शिकलेली आहे म्हणून. मानीबाईला वाटलं, चला, एवढं तरी नीट झालं. मग कोकिळा आजीच्या गळ्यात पडली.

एकेक नाव घेत गेली. सात झाली. मानीबाईनं तिची पाठ थोपटली, आता पुरे म्हणून. आणि त्या पोरीनं, आजी विसरली ते आपण लक्षात ठेवलं या मायेनं, आठवं घेतलं.

"गोमली याडी ये, पाण्याची घागर घेऊन तू मांगं काहून राह्यलीस? गोमली याडी ये, तुह्या पोरीनं मांगं काहून नाई पाह्यलं?"

दुसऱ्याच्या तोंडून हे नाव मानीबाईनं एक्कावन्न वर्षांनी ऐकलं. भीती तर वाटलीच, पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी दुसरंच काही वाटलं. आईला कोणीतरी हाक मारून घरात बोलावलं असं.

धावजीची बायको इंदूबाई पुढं सरकली. "हे गोमली कोण व? हे नाव सोयरीक करताना तं नाई सांगतलं."

"मांगं राह्यली म्हंजे?" दुसरीनं विचारलं. "कोणाले मांगं सोडतात?"

कोणाला मागं सोडतात ते तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. देवसिंग घाईनं आला. "पोरगी चुकली," तो म्हणाला. "याडी, सांग ना त्यायले, पोरगी चुकली म्हणून."

एवढंच सांगायचं होतं. पोरगी चुकली. कोकिळा भेदरून आजीच्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यांतलं पाणी तसंच. मानीबाईनं मांडवाबाहेर बघितलं. दूर, आपल्या झोपडीच्या दाराशी, भुरीबाई उभी होती. न्हाऊ घातलेल्या पोरीचं लग्न तिथूनच बघत होती.

"पोरगी नाई चुकली," मानीबाई म्हणाली. "गोमली माही याडी. बुळकांडी आली तवा तिले डाकण म्हणून नदीवर सोडलं. पाणी आणाले धाडलं आन् तांडा निंघून गेला. मी बैलावर होती. नऊ वर्साची."

"याडी!" देवसिंग ओरडला.

"थांब. मले बोलू दे, मी लय थकली आता." ती खांबाला धरून उठली. "आईची विद्या लेकीत येते म्हणता ना तुम्ही? मंग मी बी डाकणच झाली. देवसिंग, तुह्या पवळ्याजवळ आठ दिवस कोण होतं? भुरीनं एकडाव हात फिरवला. मी आठ दिवस त्याच्या तोंडात हात घालून होती. मंग त्याले कोणं खाल्लं? सांग. भगत आणता ना? आणा. पहिले माहं नाव काहाडा. मले हाकला, आन् मंग त्या भुरीकडं जा."

देवसिंगचे खांदे अजून दोरानं सोललेले होते. तो आईच्या हातांकडं बघत राहिला.

वऱ्हाडातली माणसं उठून लिंबाखाली गेली. दोन तास बसली. इकडं भात गार झाला, पोरं रडायला लागली, नंदाबाई कपाळाला हात लावून बसली. कोकिळा आजीला म्हणाली, "मले माहीत नव्हतं व दादी."

"मले माहीत हाय तुले माहीत नव्हतं म्हणून."

ऊन उतरल्यावर धावजी आला. मानीबाईच्या समोर उभा राहिला, पण बोलला देवसिंगशी.

"लगीन लागलं हाय. लागल्यावर पोरगी सोडून जाणं आमच्यात नाई. नेतो आमी तिले. पण ते माहेरी येणार नाई, आन् हे म्हातारी आमच्या तांड्यात पाय ठेवणार नाई. आन् ते नाव पुन्हा घ्याचं नाई."

"काहून नाई घ्याचं?" मानीबाईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं. त्याचाही आवाज थकलेला होता. "अशी एकेक हरेक तांड्यात हाय, बाई. आमच्यात बी हाय. म्हणून का मांडवात नाव घ्याचं?"

मानीबाईला वाटलं, विचारावं, तुझ्यातलीचं नाव काय? पण तो वळला होता. देवसिंगनं मान खाली घालून सगळं कबूल केलं. पोरीचं घर वाचलं. पोरगी मात्र गेली ती गेलीच. मानीबाईनं हेही ऐकून घेतलं. रडायला बळ नव्हतं.

राहिला बैल. सगळे नायकाकडं बघायला लागले, नायक जमिनीकडं. मग देवसिंग उठला, डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकलं आणि भुरीबाईच्या झोपडीकडं चालायला लागला. कोणी अडवलं नाही. तिच्या दाराशी तो बराच वेळ उभा होता. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. शेवटी भुरीबाई आत गेली आणि दाव्याला धरून बैल बाहेर काढला. स्वतः धरून आणला तिनं, देवसिंगच्या हातात दिला नाही.

"भगताचं मंग पाहू," खेमसिंग नायक म्हणाला.

"आणा कधीबी," देवसिंग म्हणाला. "पण पहिले माह्या याडीचं नाव इचाराचं. मंग मी पाह्यतो."

कवड्यांची झूल भुरीच्या बैलाला आखूड पडली. तशीच बांधली. निघणाऱ्या बैलाच्या खुरांवर घरातल्या म्हातारीनं पाणी घालायचं असतं, म्हणून मानीबाई विहिरीवरून घागर भरून आली. कोकिळाला वर चढवलं. तिच्या हातांतल्या नव्या बलियांचा, लग्नाच्या बांगड्यांचा, आवाज झाला. ती बैलाच्या पाठीवर तोल सावरत उभी राहिली. सासरच्या दोघांनी तिचे पाय धरले. मानीबाई पाणी घालायला वाकणार, तेवढ्यात धावजीनं हातानं खुणावलं, नको, तू नको. बैल हाकला. मानीबाई डोक्यावर भरली घागर घेऊन तशीच उभी राहिली.

कोकिळानं हात वर केले आणि गायला लागली. तांड्याला, विहिरीला, लिंबाला तिनं निरोप दिला. सात नावं घेतली. पांदीच्या तोंडाशी, जिथं गोविंदानं त्या बैलाला सुई दिली होती, तिथं तिचा आवाज थांबला असं वाटलं. इंदूबाई खालून काहीतरी बोलत होती, बोट दाखवून. मग ती पोरगी चालत्या बैलाच्या पाठीवर पाय सावरत सावरत अख्खी मागं वळली. आता तिला सगळं माहीत होतं. आता चूक नव्हती.

"गोमली याडी ये," तिनं हाक दिली. छातीतून, आजीनं शिकवली तशी. वळणापर्यंत देत राहिली.

भुरीबाई जवळ आली. "उतरव व घागर, मानीबाई. मान मोडीन."

मानीबाईनं ऐकलंच नाही. ती एका हातानं घागर धरून उभी होती आणि पाणी तिच्या कपाळावरून, गालांवरून खाली उतरत होतं.

"मांगं पाह्यलं व तिनं," ती म्हणाली. "भुरी, पाह्यलं का तू? पोरीनं मांगं पाह्यलं."